उत्तम शुक्रवारचा मुहूर्त

रेजिना तुस्कानोचं माहेर वसईतल्या गास गावचं, आणि त्या घराण्याचा राग पंचक्रोशीत नावाजलेला. तिचा बाप बस्त्याव केळीचा बागायतदार. ईस्टर म्हणजे येशू मरणातून उठला तो सण, आणि त्याच्या आधीचे चाळीस दिवस म्हणजे ख्रिस्ती माणसाचा उपासकाळ. मटण नाही, लग्नकार्य नाही, वाजंत्री नाही. तर एकदा ऐन उपासकाळात बस्त्यावच्या पुतण्याने नवी मोटारसायकल आणली आणि तिच्या कौतुकापायी दारात बँडवाले उभे केले. बस्त्यावने ना शिवी दिली ना हात उगारला. कुदळ घेतली आणि पुतण्याच्या अंगणातून रस्त्याकडे जाणाऱ्या वाटेला आडवा चर खणून ठेवला. "ईस्टरला बुजवीन," म्हणाला आणि हात धुवायला गेला. पुतण्या बिचारा तेवढे दिवस गाडी अंगणातल्या अंगणात गोल फिरवत होता, कोंबड्या बुजवत.

अशा बापाची ही लेक. अंतोनशी लग्न करून कतारला आली तेव्हा माहेराहून तिने दोनच गोष्टी सोबत आणल्या. एक सणवार आणि दुसरा संताप.

अंतोन समुद्रातल्या तेलाच्या फलाटावर कामाला. महिना पाण्यावर, महिना घरी. माणूस गाईसारखा. रेजिना अल वक्राच्या जुन्या बाजारामागे एका फ्लॅटमध्ये राहते आणि घरबसल्या शिलाई करते. शेजारणींचे अबाये, म्हणजे वरून घालायचे काळे झगे, आखूड करणं, शाळेच्या पोरांच्या पँटी सैल करणं, असली कामं. मशीन चालवता चालवता ती भांडतेही. मशीनचा आवाज जितका मोठा, तितकी तिची पट्टी वर.

ती आली त्या काळी इथे चर्च बांधलेलं नव्हतं. कुणाच्या तरी घरी पडदे ओढून मिस्सा, म्हणजे रविवारची सामूहिक प्रार्थना, व्हायची, गाणीसुद्धा हळू आवाजात. तेव्हापासून तिच्या मनाने घेतलं की देऊळ नसलं तर नसलं, घराचंच देऊळ करायचं. पुढे मेसाईमीरला मोठं चर्च झालं, तिथे हजारो माणसं जायला लागली, ही पण जाते. पण घरचं देऊळ काही तिने मोडलं नाही. डिसेंबरात गोठा मांडायचा आणि चोवीस तारखेच्या रात्रीपर्यंत बाळ येशूची गव्हाण रिकामी ठेवायची. मे महिन्यात रोज संध्याकाळी जपमाळ आणि नंतर उकडलेले चणे. ऑक्टोबरात आगेरा, म्हणजे नव्या भाताच्या कणसांचा सण. आता कतारात भाताचं कणीस कुठून आणणार? तर अंतोन सुट्टीवरून परत येताना बॅगेत घालून आणायचा. एकदा विमानतळावर अडवलं. अधिकाऱ्याने ते कणीस नाकाला लावलं, उलटंसुलटं केलं आणि विचारलं, "रुझ?" म्हणजे तांदूळ. अंतोन म्हणाला, "रुझ." अधिकारी हसत सुटला. म्हणाला, "तुमच्याकडे तांदूळ कपडे घालून येतो होय? यल्ला, जा."

पण सगळ्यात कडक म्हणजे उपासकाळ. पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, कपाळावर राख लागली की घरातल्या अल्तारावरची, म्हणजे देव्हाऱ्यावरची, फुलं बंद. मूर्तींवर जांभळं कापड. ते कापड अबायाच्या दुकानातलं उरलेलं साटीन असतं, त्यामुळे आमच्या घरचा सेंट जोसेफ जरा श्रीमंत दिसतो असं अंतोन म्हणायचा. आणि मग क्रुसाची वाट. येशूला शिक्षा सुनावली तिथपासून कबरीत ठेवला तिथपर्यंतचे चौदा मुक्काम. देवळात त्यांची चित्रं भिंतीवर ओळीने लावलेली असतात, लोक एकेका चित्रापुढे थांबत प्रार्थना म्हणत पुढे सरकतात. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये चौदा मुक्काम बसवायचे म्हणजे कसरतच. पहिला टीव्हीच्या वर. चौथा, आई रस्त्यात भेटते तो, मुलाच्या खोलीच्या दारावर. वेरोनिका नावाची बाई येशूचं तोंड पुसते ती फ्रिजच्या बाजूला. आणि बारावा, मरणाचा, नेमका कपडे धुवायच्या मशीनवर.

"अगं, देवाला मशीनवर कुठे मारतेस?" अंतोनने विचारलं होतं.

"मग तुमच्या सोफ्यावर लावू? तिथे जागा कुठाय, तिथे तुम्ही मेल्यासारखे पडलेले असता."

यात आणखी एक भानगड आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं समजायचं नाही. कतारात साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारची. रविवारी सगळे कामावर. म्हणून रविवारची मिस्सा इथे शुक्रवारीच होते, आणि इथली वसईकर मंडळी शुक्रवारालाच आयतार, म्हणजे रविवार, म्हणायला लागली. "आयतारी भेटू" म्हणजे शुक्रवारी भेटू. रेजिनाचा मुलगा डॅरिल इथेच जन्मला. लहानपणी सुट्टीत वसईला गेला, आजोबा रविवारी त्याला देवळात घेऊन गेले, तर पोरगं विचारतंय, "ग्रँडपा, आज संडे आहे तर फ्रायडे कुठे गेला?" बस्त्यावने कपाळावर हात मारला. म्हणाला, "वाळवंटात पोरांचे वारसुद्धा उन्हाने वितळले."

हा डॅरिल आता एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम करतो, टाय लावतो, मराठी समजतो आणि उत्तर इंग्रजीत देतो. त्याचं जुळलं नमिताशी. नमिता खरवंडीकर. बाप गिरीश नैसर्गिक वायूच्या प्रकल्पात इंजिनियर, आई सुचित्रा, मूळ नाशिकची माणसं, राहायला उम्म सलाल मोहम्मदला. मुलगी हिंदू म्हणून रेजिना चिडेल असं सगळ्यांना वाटलं होतं. ती नाही चिडली. "पोरगी गुणी आहे. माझ्याशी मराठीत बोलते. माझ्या पोटचा बोलत नाही," एवढंच म्हणाली. साखरपुडा एप्रिलमध्ये कुठल्यातरी शुक्रवारी ठेवू असं ठरलं, तारीख गिरीशराव आणि डॅरिल बघून सांगतील.

आणि उपासकाळ संपत आला असताना, एका सकाळी, रेजिना मशीनवर बसलेली असताना मोबाइल वाजला. सुचित्राबाईंनी साखरपुड्याची पत्रिका पाठवली होती. एका कोपऱ्यात गणपती, दुसऱ्या कोपऱ्यात, व्याह्यांचा मान म्हणून, क्रूस आणि लिलीची फुलं. मध्ये सोनेरी अक्षरांत:

'गुड फ्रायडेच्या मंगल मुहूर्तावर चि. सौ. कां. नमिता व चि. डॅरिल यांचा साखरपुडा योजिला आहे. सनईवादन. त्यानंतर स्नेहभोजन व डीजे.'

मशीनची शिवण अबाया सोडून टेबलक्लॉथवर गेली. टेबलक्लॉथ अबायाला शिवला गेला. रेजिनाला त्याचा पत्ता नाही.

उत्तम शुक्रवार! ज्या दिवशी घरात झाडू लागत नाही, आरशापुढे कुणी उभं राहत नाही, पेजेपलीकडे काही शिजत नाही. ज्या दिवशी देवळातली घंटासुद्धा मुकी असते, घंटेऐवजी लाकडी टाळ वाजवतात. त्या दिवशी सनई! आणि सनईने भागलं नाही म्हणून डीजे!

तिने डॅरिलला फोन लावला.

"मम्मी, मीटिंग."

"बाहेर ये."

"मम्मी, I'll call you..."

"बाहेर येतोस की मी तुझ्या ऑफिसात येऊ? गाऊनवर आहे, तशीच येईन."

डॅरिल बाहेर आला. तिने पत्रिका वाचून दाखवली, एकेक शब्द चावून.

"ओह," डॅरिल म्हणाला. "ते... लक्षातच नाही आलं गं. फ्रायडे म्हणून फ्रायडे घेतला. इथे आपण सगळंच फ्रायडेला करतो ना. इथे फ्रायडे म्हणजे संडेच."

"आणि गुड म्हणजे?"

"मम्मी."

"जन्मापासून चोवीस उत्तम शुक्रवार तू या घरात चौदा मुक्काम फिरलास. पहिला तर माझ्या कडेवर, दुपट्यात. आणि तुझ्या लक्षात आलं नाही? गाढवाच्या लक्षात असतं. येशूला घेऊन गेलेल्या गाढवाच्यासुद्धा लक्षात असेल!"

"ओके, ओके. पण आता हॉल बुक झालाय. सगळ्यांना कार्ड गेलंय. थोडं अ‍ॅडजस्ट कर ना. सकाळी तुझी प्रेयर कर, संध्याकाळी ये. खलास."

"खलास!" रेजिना म्हणाली. "थांब, करतेच खलास." आणि फोन ठेवला.

मग तिने अंतोनला समुद्रात फोन लावला. वाऱ्याचा घोंघाट, मध्येच यंत्रांची घरघर. अंतोनने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "जाऊ दे गं, मुलं आहेत."

"तुम्ही पाण्यात आहात म्हणून वाचलात," ती म्हणाली.

खालच्या मजल्यावर हजरा राहते. रत्नागिरीची, नवरा महमूद मासळीच्या धंद्यात अल रुवैसला ये-जा करतो, आणि घरची गाडी हजराच चालवते. दोघींची वीस वर्षांची मैत्री, म्हणजे वीस वर्षांची भांडणं. ईद नुकतीच झालेली. रेजिना दारात उभी राहिली तेव्हा हजराला वाटलं शीरखुर्म्यासाठी आली.

"तुझा डबा फ्रीजरात टाकलाय गो. तुझा उपास सुटला की काढू."

"गाडी काढ," रेजिना म्हणाली. "उम्म सलालला जायचंय."

वाटेत हजराने सगळं ऐकलं. हसू दाबायचा प्रयत्न केला, जमला नाही. "गुड फ्रायडेचा मंगल मुहूर्त! या अल्ला. आमच्या मोहरमला कुणी ढोल लावायला गेला तर मी काय करीन माहीत आहे?"

"काय करशील?"

"तेच तू करायला चाललीयस. म्हणून तर गाडी चालवतेय. पण एक ऐक, मुलीच्या घरी चाललीस. ओरडू नकोस."

"मी कुठे ओरडते?" रेजिना ओरडली. पुढच्या ट्रकवाल्याने आरशात बघितलं.

खरवंडीकरांच्या घरी आनंदाला उधाण. सुचित्राबाई साड्यांच्या घड्या उलगडून बसल्या होत्या. गिरीशराव स्वतः दार उघडायला आले. "या विहीणबाई, या! पत्रिका मिळाली? मी मुद्दाम बघून काढला मुहूर्त. म्हटलं, आमच्या पंचांगातला तर असतोच, या वेळी तुमच्या सणाचा काढू. दिनदर्शिकेत बघितलं, लाल अक्षरात गुड फ्रायडे! म्हटलं, शुक्रवारही आहे आणि गुडही आहे, आणखी काय हवं? केकवरसुद्धा क्रॉस काढायला सांगितलाय, क्रीमचा."

आता काय करावं? शिव्या ओठापर्यंत आलेल्या, आणि समोरचा माणूस कौतुकाची थाळी घेऊन उभा. रेजिना सोफ्याच्या कडेवर बसली. पाणी प्यायली. पाण्याने राग गेला नाही, फक्त ओला झाला.

"गिरीशराव," ती म्हणाली, "तुम्ही नमिताचा साखरपुडा सर्वपित्री अमावस्येला ठेवाल?"

"काहीतरीच काय!"

"का? अमावस्या आहे, चांगलं अंधारलेलं असतं, लायटिंग खुलून दिसेल."

"अहो, पितरांचा दिवस तो! त्या दिवशी घरात..." गिरीशराव मध्येच थांबले.

"उत्तम शुक्रवारी आमच्या घरात मयत असतं," रेजिना म्हणाली. "दरवर्षी. खरंखुरं. त्या दिवशी आमच्या देवाला खिळे ठोकून मारला. आम्ही तोंडात गोड घालत नाही, केस विंचरत नाही, आणि तुम्ही त्या खिळ्यांच्या क्रुसाचं क्रीम करून केकवर काढताय. तुमचा दोष नाही. तुम्हाला कुणी सांगितलं नाही. पण मी त्या केकला सुरी लावू शकत नाही हो. हात झडून जाईल."

सुचित्राबाईंच्या मांडीवरून पैठणी खाली घसरली. "अगं बाई! आणि मी हॅपी गुड फ्रायडे म्हणून सगळ्या ग्रुपवर टाकलंय." मग त्यांचा चेहरा जरा वेगळाच झाला. आधी लाज, मग गोंधळ. "पण रेजिनाताई, आम्ही विचारलं होतं. डॅरिलला. मीच विचारलं. म्हटलं, माझ्या शाळेतल्या एक ख्रिश्चन बाई गुड फ्रायडेला काळे कपडे घालायच्या, तुमच्यात तसं काही असतं का? तर तो म्हणाला..." त्या नवऱ्याकडे बघायला लागल्या.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, काही जुने लोक असतात तसले, भिंतीवर चित्रंबित्रं लावणारे. आम्ही तसले नाही."

हजरा दाराशी चपला काढत होती, ती तशीच एक चप्पल हातात घेऊन उभी राहिली. रेजिना ओरडली नाही, हे बघून तिला जास्त भीती वाटली.

म्हणजे पोराला माहीत होतं. विसरला नव्हता. विसरणं परवडलं असतं. विसरलेल्याच्या कानाखाली एक वाजवून आठवण करून देता येते. याने आठवत असताना, सासुरवाडीच्या सोफ्यावर बसून, चहा पीत, आपलं अख्खं घर नाकारलं होतं. फ्रिजजवळची वेरोनिका नाकारली, साटीनमधला जोसेफ नाकारला, आणि कडेवर घेऊन फिरवणारी आईसुद्धा. तसले! तिच्या डोळ्यांपुढे लाल-पिवळं झालं.

नमिता आतून आली होती. तिने केव्हाच डॅरिलला फोन केला असावा, कारण थोड्या वेळात तो टाय सैल करत हजर. आल्या आल्या बघितलं, आईचे ओठ मिटलेले. त्याला वाटलं, वादळ येऊन गेलं. बिचाऱ्याला हवामान कळत नाही.

"हाय मम्मी. See, it's okay, आपण बोलू..."

"तसले म्हणजे कसले रे?" रेजिनाने विचारलं.

डॅरिलने नमिताकडे बघितलं, नमिताने भिंतीकडे.

"येशूला धरलं त्या रात्री पेत्राने, त्याच्याच शिष्याने, कोंबडं आरवायच्या आत तीनदा नाकारलं," रेजिना म्हणाली. "पण त्याला निदान शिपाई धरतील अशी भीती होती. तुला कसली भीती होती? सुचित्राताई तुला धरून देणार होत्या? आणि कोंबडं आरवल्यावर तो रडला तरी. तू काय, अलार्म लावून झोपलायस?"

"मम्मी, not here, please."

"इथेच! जिथे नाकारलंस तिथेच!"

"मग ऐक!" डॅरिलचाही आवाज चढला, शेवटी नातू कुणाचा. "शाळेत माझे मित्र घरी आले की मला कसं वाटायचं माहितीये? वॉशिंग मशीनवर क्रुसिफिक्शन! घरभर जांभळं कापड! They used to ask, कोणी मेलंय का? माझा डायरेक्टर येणार आहे साखरपुड्याला, त्याला मी काय सांगू, तारीख का बदलली?"

"सांग, घरात मयत आहे. तुझ्या मित्रांनासुद्धा तेच सांगायचं होतंस. बरोबर विचारत होती पोरं."

"नाही सांगणार. तारीख बदलायची नाही. तुला नसेल यायचं तर नको येऊ. तू नाही आलीस तरी होईल."

गिरीशराव पायाच्या अंगठ्याकडे बघायला लागले. हजराने हातातली चप्पल पायात घातली.

नमिता म्हणाली, "नाही होणार." तिने आवाज चढवला नाही. "आंटी नसतील तर माझी ओटी कोण भरेल? आणि डॅरिल, तू मला सांगितलंस की तुझी आई त्या दिवशी चर्चला जाते, बस्स. घरी काय असतं ते नाही सांगितलंस. चार वर्षं आपण बोलतोय."

"बाबा," ती गिरीशरावांकडे वळली, "हॉलवाल्यांना फोन करा."

हॉल पुढच्या शुक्रवारचा मिळाला, ईस्टर झाल्यावरचा. सुचित्राबाईंनी लगेच दुसरी पत्रिका करायला घेतली, त्यात सनई ठेवली, क्रूस काढून टाकला आणि परत विचारलं, "लिली राहू दे ना?" रेजिना म्हणाली, "लिली राहू दे. ईस्टरची फुलंच ती." पण डॅरिल तिथे थांबला नव्हता. दार आपटून गेला तो अल वक्राला आलाच नाही. मित्राकडे राहिला. फोन नाही, निरोप नाही.

झालं ते असं. तारीख जिंकली आणि पोरगा गेला. ईस्टरच्या आधीचा, झावळ्यांचा रविवार आला. इथे नारळाची झावळी कुठली, खजुराची असते, तिचेच छोटे क्रूस विणायचे. दरवर्षी डॅरिल विणायचा, तेवढी एक गोष्ट त्याला आवडायची. यंदा रेजिनाने एकटीने विणले आणि खजुराच्या काट्याने बोटं फोडून घेतली. हजरा रोज वर यायची.

"एक फोन कर त्याला. आई आहेस."

"मी आई आहे म्हणूनच करत नाही. तो म्हणाला, तू नाही आलीस तरी होईल. आता मी बघते, तो नाही आला तर माझं होतं की नाही."

"होईल?"

"होईल," रेजिना म्हणाली आणि अबायाच्या बाहीला उलटी शिवण घातली. पवित्र गुरुवारी रेजिनाने सगळ्यांना निरोप पाठवले की उद्या दुपारनंतर क्रुसाची वाट आहे. डॅरिलला नाही. अंतोनने फलाटावरून विचारलं, "त्याला कळवलंस?" तर म्हणाली, "त्याला रस्ता माहीत आहे. चौदा मुक्काम तर तो झोपेत चालेल."

उत्तम शुक्रवारी मेसाईमीरला एवढी गर्दी की रेजिनाला तासभर उभं राहावं लागलं. मग घरी वसईकडची पाच-सहा कुटुंबं जमली, बायकांनी डोक्यावर पदर घेतले, मुलांना गप्प केलं. टीव्हीवर चादर टाकलेली. रेजिनाने लाकडी क्रूस हातात घेतला आणि वाचायला सुरुवात केली. आवाज एवढा करडा की येशूला शिक्षा सुनावणाऱ्या पिलातालाच दम दिल्यासारखा वाटत होता. "पिलाताने हात धुतले," ती वाचत होती, आणि एका बाईने आपले हात नकळत पदराखाली घेतले.

पहिला मुक्काम झाला. दुसरा झाला. तिसऱ्याला येशू पडतो. सगळे गुडघ्यावर बसले, आणि जिन्यात बुटांचा आवाज आला. दार लोटलेलंच होतं. डॅरिल आत आला, मागे नमिता, साधा पांढरा ड्रेस, गळ्यात काही नाही. बायका बाजूला सरल्या. रेजिनाने वर पाहिलं. वाचायचं थांबली नाही. पण चौथा मुक्काम डॅरिलच्या खोलीच्या दारावर होता, आई वाटेत भेटते तो, आणि तिथे पोचल्यावर तिला कागदावरची अक्षरं दिसेनात. तिने क्रूस पुढे केला. कुणाकडे असं बघितलं नाही, नुसता पुढे केला. डॅरिलने तो घेतला, कागदही घेतला. पुढचं वाचन त्यानेच केलं, मराठीत. अडखळत, चुकीच्या ठिकाणी थांबत, 'क्लेश' ला 'कलेश' म्हणत. नमिता त्याच्या खांद्यावरून वाकून शब्द सुधारत होती.

सगळं संपल्यावर लोक न बोलता पेज पिऊन गेले. डॅरिल स्वयंपाकघरात आला.

"मम्मी, I'm... मला सॉरी म्हणायचंय."

"आज नाही," रेजिना म्हणाली.

"काय?"

"आज घरात मयत आहे. आज भांडण नाही आणि माफीही नाही. माझ्या तोंडात काय काय आहे ते मी गिळून बसलेय. ईस्टर होऊ दे. सोमवारी संध्याकाळी ये. पोट भरून ये, कारण मी जेवायला लवकर देणार नाही."

आणि सोमवारी तिने असं काही झाडलं की काय विचारता. इंग्रजी शाळा काढली, टाय काढला, डायरेक्टर काढला, त्याच्या बापाचा समुद्र काढला. डॅरिल खुर्चीत बसून ऐकत होता. नमिता पण आली होती, तिलाही थोडं मिळालं, चार वर्षं विचारलं का नाहीस म्हणून. शेवटी एकच अट घातली. पहिली पत्रिका ज्यांना ज्यांना गेली, त्यांनी विचारलं तर तारीख का बदलली हे डॅरिलने स्वतःच्या तोंडाने सांगायचं. पोट दुखलं, हॉल मिळाला नाही, असलं काही नाही.

साखरपुड्याच्या संध्याकाळी हॉलच्या दारात डॅरिल पाहुण्यांना हात देत उभा होता. रेजिना दोन पावलांवर, जरीचं लुगडं, अंगावर घरचं सोनं, आणि कान त्याच्याकडे. नाशिकहून आलेले गिरीशरावांचे वयस्कर मामा पुढे झाले.

"काय हो जावईबापू, गेल्या शुक्रवारचं का बदललं?"

डॅरिलने एकदा आईकडे बघितलं. "आमच्या घरी मयत होतं, मामा."

"अरेरे!" मामांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "कोण गेलं?"

"ते दरवर्षी जातं. आणि तिसऱ्या दिवशी उठतं."

मागून रेजिनाचा आवाज आला, अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असा:

"जातं काय, उठतं काय? तो उठतो म्हण, गाढवा! देव आहे तो, शेजाऱ्याचं मांजर नव्हे!"